क्रीडांगणाचं आरक्षण, वडिलांचा जुना अर्ज आणि कलम १२७ ची नोटीस

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमचा ४२ गुंठ्यांचा वडिलोपार्जित गट आहे. २००९ साली अमलात आलेल्या विकास आराखड्यात त्यातल्या १८ गुंठ्यांवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. तेव्हापासून ना मोबदला, ना क्रीडांगण. वडिलांनी जून २०२२ मध्ये मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला, ‘जमीन ताब्यात घेऊन मोबदला द्यावा, अन्यथा आरक्षण उठवावे’. त्यावर ‘भूसंपादनाचा प्रस्ताव मा. जिल्हाधिकारी यांच्याकडे सादर करण्यात आला आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. २०२३ मध्ये वडील वारले. आता आराखडा सुधारित करण्याचं काम सुरू होतंय, असं कळतं. नगरपरिषदेत टीडीआर (जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा, विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणतात, एक दलाल पडेल भावात जमीन मागतोय, आणि धाकटा भाऊ म्हणतो की रस्त्याच्या कडेला चार गाळे काढू, कोण काय करतंय? आरक्षण आपोआप उठलं का? आम्ही काय करावं?

उत्तर : आपोआप काहीच उठत नाही. दहा वर्षं झाली की आरक्षण संपतं हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर जमीनमालकाला नोटीस देण्याचा हक्क मिळतो, एवढंच. नोटीस बजावल्यावर ठरलेल्या मुदतीत संबंधित प्राधिकरणाने काही केलं नाही, तरच आरक्षण व्यपगत झाल्याचं, म्हणजे संपल्याचं, कायदा मानतो. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, २००९ च्या दुरुस्तीने बारा झाली आणि ऑगस्ट २०१५ पासून चोवीस महिने आहे. तुमची दहा वर्षं २०१९ मध्येच भरली. वडिलांचा अर्ज ही कायदेशीर नोटीस ठरत असेल, तर जून २०२४ मध्ये आरक्षण गेलं. तुमच्या प्रकरणातली खरी मेख या ‘असेल तर’ मध्ये आहे.

अर्जात कलम १२७ चा उल्लेख नाही, याची मी फार चिंता करणार नाही. ‘घ्या नाहीतर सोडा’ ही मागणी त्यात स्पष्ट आहे. अडचण वेगळी आहे. २००९ च्या दुरुस्तीनंतर कलमात असं आलं की नोटिशीसोबत जमिनीवरचा हक्क किंवा हितसंबंध दाखवणारी कागदपत्रं जोडली पाहिजेत. तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर ‘सोबत’ या रकान्याखाली काहीच नाही. उद्या न्यायालयात नगरपरिषदेचे वकील पहिलं बोट इथेच ठेवतील. तुमच्या बाजूने एवढं म्हणता येईल की नगरपरिषदेने तेव्हा कागदपत्रं मागितली नाहीत, हरकत घेतली नाही, उलट अर्ज मान्य धरून प्रस्ताव पाठवल्याचं कळवलं. मुद्दा चांगला आहे. पण सगळी जमीन एकाच मुद्द्यावर टांगून ठेवावी इतका भक्कम नाही.

‘प्रस्ताव सादर केला आहे’ या ओळीला मात्र घाबरू नका. प्रस्ताव पाठवणं म्हणजे संपादनासाठी पाऊल उचलणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात बहुमताने ठरवलं आणि २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात त्यावर पुन्हा शिक्का मारला. सर्वसाधारण सभेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र, मोजणीची तारीख, यातलं काहीच पुरत नाही. कलम १२६ खालची संपादनाची घोषणा मुदतीत राजपत्रात प्रसिद्ध झाली पाहिजे. ती झाली आहे का, हे आधी तपासा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न मोजकाच ठेवा : अमुक गटाबाबत कलम १२६(२) किंवा १२६(४) खाली घोषणा प्रसिद्ध झाली असल्यास राजपत्राचा दिनांक व प्रत द्यावी. ‘कार्यवाहीची सद्यःस्थिती कळवावी’ असं विचारलंत तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येईल.

आता घाई कशाची, ते सांगतो. कलम ३८ खाली आराखडा वीस वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. तुमचा २०२९ च्या सुमारास येतो, म्हणून आत्ता हालचाल दिसते आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल दवे प्रकरणात (२०१५) असं म्हटलं की मालकाने नोटीस न देता स्वस्थ राहून सुधारित आराखडा अमलात येऊ दिला आणि त्यात आरक्षण कायम राहिलं, तर दहा वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर थेट २०३९ नंतर, आणि त्यावर चोवीस महिने. मालक वर्षानुवर्षं ‘बघू, करू’ करत राहतात आणि नेमका इथे घात होतो.

म्हणून वडिलांचा अर्ज वैध की अवैध या वादात न अडकता याच महिन्यात नव्याने नोटीस द्या. तिच्यात एक वाक्य न चुकता घाला : ‘दि. … जून २०२२ च्या नोटिशीने आरक्षण व्यपगत झाले आहे हा आमचा दावा अबाधित ठेवून, खबरदारी म्हणून ही नोटीस देत आहोत.’ जुना दावा जिवंत राहतो आणि नवी मुदतही चालू होते. चोवीस महिने पुरे होण्याआधी सुधारित आराखडा मंजूर झालाच, तरी नोटीस आधी बजावलेली असल्याने तुमची स्थिती नोटीस न देणाऱ्यापेक्षा फार वेगळी असते. गुजरातच्या कायद्यावरच्या भावनगर विद्यापीठ निकालाचा (२००३) आधार त्यासाठी आहे. तरीही त्या वादाची वेळ न आलेली बरी, म्हणून एक-एक महिना मोलाचा.

नोटिशीआधी दोन कामं. पहिलं वारस नोंदीचं. सातबारावर अजून वडिलांचंच नाव असेल तर फेरफार करून आई आणि सगळ्या भावंडांची नावं लावून घ्या. एकट्या वारसालाही ‘हितसंबंधित व्यक्ती’ म्हणून नोटीस देता येते, पण सह्या सगळ्यांच्या घ्या. बहीण लग्न होऊन गेली म्हणून तिला वगळू नका. तिचा हिस्सा आहे, आणि तिची सही नसल्याचा फायदा पलीकडची बाजू घेते.

दुसरं काम क्षेत्राचं. नगरपरिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. आराखड्याच्या अहवालात आरक्षणांचा तक्ता असतो, त्यातल्या तुमच्या ओळीची प्रमाणित प्रत घ्या : आरक्षण क्रमांक, प्रयोजन, गट क्रमांक, क्षेत्र, आणि शेवटच्या रकान्यात समुचित प्राधिकरण, म्हणजे ज्या संस्थेने जमीन घ्यायची ती. क्रीडांगणासाठी तिथे बहुधा नगरपरिषदच असते. जिल्हा परिषद किंवा दुसरं खातं असेल तर नोटीस त्यांनाही बजावा. तक्त्यातलं क्षेत्र, झोन दाखल्यातलं क्षेत्र आणि जागेवर प्रत्यक्ष बाधित होणारं क्षेत्र जुळत नाही असं सर्रास होतं, कारण तेच आरक्षण शेजाऱ्याच्या गटातही शिरलेलं असतं. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि आरक्षणाची रेषा नकाशावर बसवून घ्या. नोटिशीत ‘गट क्र. … एकूण ४२ गुंठे, पैकी आरक्षणबाधित १८ गुंठे’ असं लिहा. नुसतं ‘आमची जमीन’ लिहू नका. शेजाऱ्याने नोटीस दिली नाही तर त्याच्या तुकड्यावरचं आरक्षण तसंच राहील, त्याची काळजी तुम्ही करायची नाही.

जोडायचे कागद : चालू सातबारा, आठ अ, वारस फेरफार आणि जमीन मुळात तुमच्या घराण्यात कशी आली ते दाखवणारे जुने फेरफार किंवा खरेदीखत, झोन दाखला, भाग नकाशा, मोजणी नकाशा, वडिलांचा अर्ज आणि त्यावरचं उत्तर. प्रत्येकाला अनुक्रमांक द्या आणि ‘सोबत’ खाली एकूण पानांची संख्या लिहा. नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक कक्षात हातोहात द्या. तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि जमल्यास ‘सहपत्रांसह प्राप्त’ असा शेरा घ्या. तीच नोटीस स्पीड पोस्टानेही पाठवा आणि बटवडा झाल्याचा पुरावा जपून ठेवा. मुदत बजावणीच्या तारखेपासून मोजतात, नोटिशीवर टाकलेल्या तारखेपासून नाही. नोटिशीत टीडीआर, वाटाघाटी, जागेच्या बदल्यात जागा, असले पर्याय स्वतःहून सुचवू नका. मागणी एकच : संपादन करा, नाहीतर आरक्षण व्यपगत होईल.

पुढच्या चोवीस महिन्यांत सुनावणीची पत्रं येतील, चर्चेला बोलावतील. जा, बोला, पण कशावरही सही करू नका. एखादा नगरसेवक ‘सभेत आरक्षण वगळण्याचा ठराव करून देतो’ म्हणेल. असा ठराव म्हणजे कलम ३७ खालच्या फेरबदलाचा निव्वळ प्रस्ताव. मंजुरी शासनाची लागते. त्याच्या मागे धावण्यात लोकांची वर्षं जातात. सुधारित प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तर मात्र हरकत नोंदवायला चुकू नका. कलम २६ खाली त्यासाठी तीसच दिवस मिळतात, आणि नोटीस दिली म्हणजे हरकतीची गरज नाही असं नाही.

मुदतीत घोषणा निघाली, तर जमीन जाईल, पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दराने. शहरी हद्दीत गुणांक (बाजारमूल्याला ज्याने गुणायचं तो आकडा) एक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ढोबळमानाने बाजारमूल्याच्या दुप्पट. १८ गुंठे म्हणजे सुमारे १,८२१ चौरस मीटर. समजा दर चार हजार रुपये चौरस मीटर धरला, तर मूल्य साधारण ७३ लाख आणि मोबदला दीड कोटीच्या आतबाहेर. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतचे वार्षिक बारा टक्के वेगळे. छोट्या नगरपरिषदेला एवढा पैसा उभा करणं जड जातं, म्हणून तर सगळे टीडीआरचा आग्रह धरतात.

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. राज्याच्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे गावठाणासारख्या दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट मिळतो. तुमच्या बाबतीत ३,६४२ चौरस मीटर. कागदावर आकडा घसघशीत दिसतो. पण तो वापरायचा त्याच नगरपरिषदेच्या हद्दीत, आणि वापरताना रेडी रेकनरच्या दरांचं गुणोत्तर लागतं. तुमच्या जागेचा दर चार हजार आणि बिल्डरच्या भूखंडाचा आठ हजार असेल, तर ३,६४२ चे १,८२१ च उरतात. शिवाय जिथे बहुतेक इमारती मूळ चटई क्षेत्रातच उरकतात, तिथे जादा हक्क विकत घेणार कोण? पुणे-ठाण्यात मी टीडीआरचा विचार करा म्हटलं असतं. तुमच्या गावात आधी दोन-तीन बिल्डरांना विचारा, गेल्या वर्षात त्यांनी टीडीआर विकत घेतला का आणि काय भावाने. उत्तरं गुळमुळीत आली तर विषय सोडून द्या. एकदा ताबा देऊन जमीन नगरपरिषदेच्या नावावर केली की परतीची वाट नाही.

चोवीस महिने काहीच झालं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तो तुम्हाला मिळतो. शेजारी रहिवास विभाग असेल तर रहिवास. मात्र बांधकाम परवानगीच्या टेबलावर राजपत्रातल्या आदेशाची प्रत मागतात. कलम १२७(२) प्रमाणे तो आदेश काढणं शासनाचं काम आहे. त्यासाठी नगरविकास विभागाला अर्ज करा, प्रत नगररचना संचालकांना आणि मुख्याधिकाऱ्यांना द्या. दोन-तीन महिन्यांत हालचाल नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करा. सांगली जिल्ह्याची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. ‘आम्हाला आणखी वर्षभर द्या’ ही नगरपरिषदांची नेहमीची विनवणी. पण व्यपगत झाल्यावर न्यायालयालाही अशी जादा मुदत देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत प्रकरणात (२०२२) सांगितलं आहे. त्याच वर्षी कोल्हापूर महापालिकेच्या प्रकरणात उलट बाजूही स्पष्ट झाली : आरक्षण गेल्यावर ‘आता आमची जमीन घ्याच’ असा आग्रह मालकालाही धरता येत नाही. तेव्हा याचिकेत मागणी जमीन मोकळी करण्याचीच ठेवा. आदेश हाती आला की लगेच रेखांकन किंवा बांधकाम मंजुरीचा अर्ज टाका. जागा रिकामी पडून राहिली तर पुढच्या आराखड्यात तिच्यावर पुन्हा रंग चढू शकतो.

धाकट्या भावाला गाळ्यांपासून रोखा. विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस कलम ५३ खाली येतेच, फौजदारी गुन्हाही होऊ शकतो आणि रिट याचिकेत तुम्हीच कायदा मोडणारे ठरता. शेती चालू ठेवा, पीकपाहणीची नोंद दरवर्षी करा. जमीन तुमच्या वहिवाटीत आहे याचा तो पुरावा. अतिक्रमण होऊ लागलं तर ताबडतोब लेखी तक्रार द्या.

आणि दलालाचं : आरक्षित जमीन आज पडेल भावात घ्यायची आणि नोटीस आपण द्यायची, हा त्यांचा धंदाच आहे. तुम्हाला ज्या नोटिशीला वकिलाची फी आणि मोजणीचा खर्च लागेल, तिच्यावरच तो कमावणार. विसारपावती, विकसन करारनामा किंवा कुलमुखत्यारपत्र यातलं काहीही सध्या करून देऊ नका. ‘नुसतं मोजणीच्या कामापुरतं’ म्हणून पुढे केलेलं मुखत्यारपत्रसुद्धा नाही. मोजणीचा अर्ज तुमच्या सहीने होतो.