पॅनिक अटॅकवर जोक केले तर चालेल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. वर्षभरापासून पॅनिक अटॅक येतायत, डॉक्टर, गोळ्या, थेरपी सगळं चालू आहे आणि आता बराच फरक आहे. मला यावर मराठी ओपन माइकला स्टँडअप कॉमेडीचा सेट करायचाय. पहिल्या अटॅकनंतर आईने मिरच्या जाळून नजर काढली, आता ठसका लागला नाही तर नजर लागलीय असं म्हणतात ना, म्हणून मी मुद्दाम खोकलो, तर म्हणे आता खोकल्याचं पण औषध घेऊन ये. मित्र यावर पोट धरून हसतात. पण परवा खरंच त्रास होत होता, मी म्हटलं अरे मला बरं वाटत नाहीये, तरी ते हसतच होते. तेव्हापासून वाटतंय, आपण हे चुकीचं तर करत नाही ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अरे, मिरच्यांचा जोक सेटमधून काढून टाकू नकोस हां! पत्र वाचताना मी एकटीच हसत बसले होते.

तसे वेडावरचे विनोद आपल्याकडे काही कमी नाहीत. पुण्यात 'येरवड्याला पाठवा याला', मुंबईकडे 'ठाण्याला भरती करा', नागपूर आणि रत्नागिरीकडेही तेच, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय ज्या गावात त्या गावाचं नावच टोमणा होऊन बसलंय. ठाण्याचं हॉस्पिटल १९०१ सालचं, त्यामुळे टोमण्याचंही वय झालेलं असणार. हे सगळे विनोद गेटबाहेर उभं राहून केलेले. तुझ्या सेटमध्ये ज्याला भरती करायचं तोच माइक धरून उभा आहे, मला तरी हा फरक मोठा वाटतो.

आता मित्रांचं. ते वाईट नाहीत रे, तूच त्यांना सवय लावलीयस, अटॅकचा विषय निघाला की हसायचं. ऑस्ट्रेलियाच्या कॉमेडियन हॅना गॅड्सबी यांच्या 'नॅनेट' या २०१८च्या शोमध्ये हीच गोष्ट आहे, की जोक ताण तयार करतो आणि हशा तो सोडवतो, पण हशासाठी गोष्ट मध्येच थांबवावी लागते आणि पुढे जे झालं ते सांगायचं राहूनच जातं. तुझंही मिरच्यांपर्यंत सगळ्यांना माहितीय, त्या रात्री पुढे काय झालं ते कुणाला माहितीय का? एखाद्या मित्राला चहाला बोलव आणि साध्या आवाजात सांग. तो हसला तर हसू दे, मग परत सांग.

सेटबद्दल म्हणशील तर जे अजून थेरपीत बोलतानाही घसा दाटतो ते स्टेजवर नको, आधी तिथेच बोल. स्टेज म्हणजे काही थेरपी नाही, आणि प्रेक्षकांनी तिकीट काढलंय, डिग्री नाही. शो चांगला झाला म्हणून गोळ्या मनाने बंद करणं तर अजिबात नको! आणि माइक हातात घेतल्यावर छाती धडधडेल, तळवे ओले होतील, म्हणजे अटॅकसारखंच सगळं, त्याची तयारी डॉक्टरांशी बोलून आधीच करून ठेव. खरं तर यातच जोक आहे बघ, अटॅक साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि ओपन माइकवाले तुला पाचच मिनिटं देणार.

समोर कुणीतरी तुझ्यासारखंच बसलेलं असेल, अजून कुणालाच न सांगितलेलं. त्याच्यासाठी शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सांग, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात. सरळ आवाजात सांग, त्यावर पंच नको.

आईला पहिल्या शोला नेऊ नकोस. पण जोक तिला घरी आधी ऐकव, कारण मिरच्या तिच्या होत्या.