घरपट्टी माझ्या नावावर आहे. आजोबांचं फोंड्यातलं घर मी एकटा विकू शकतो का?

नाही, एकट्याने विकता येणार नाही. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. मी याच भागात घरांचे व्यवहार करतो आणि बरेच सौदे नेमके इथेच अडकतात. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्न झालेल्या मुलींनाही वाटा असतो, आणि विक्रीखतावर वारसांच्या नवऱ्या-बायकोचीही सही लागते. (मुंबईचा जावई ऐन वेळी सापडत नाही, हा नेहमीचा अनुभव!) म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी:

- सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या स्पेशल नोटरीकडे सक्सेशन डीड (वारस कोण हे नोंदवणारा दस्त) करा. वाटणीवर एकमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत वाटणी.
- मग एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा सरकारी उतारा) वारसांची नावं चढवा.

कुणाचा विवाहपूर्व करार नोंदलेला असेल तर मात्र गणित बदलतं. तो वकिलाला आधी दाखवा.