कला, भाषा आणि चित्रपट यांतून अध्यात्म भेटते का, आणि माणसे भेटतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पूजाअर्चा, उपासतापास यांत मन रमत नाही, मात्र एखादे गाणे ऐकताना, कविता वाचताना किंवा चित्रपट पाहताना डोळे भरून येतात आणि आपण एकटे नाही असे काही काळ वाटते. याला अध्यात्म म्हणावे का, आणि यातून माणसांशी खरे नाते जुळते की हे आपले एकट्याचेच सुख राहते?

माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. डोळे भरून येण्याला मी फारसे महत्त्व देत नाही. ते दिवाळीच्या जाहिराती पाहतानाही भरून येतात. एखाद्या कलाकृतीमुळे दुसऱ्या माणसाचे, विशेषतः ज्याच्याशी आपले पटत नाही अशा माणसाचे, म्हणणे आपल्याला नीट ऐकू येऊ लागले, तर तिथे काहीतरी घडले असे मी मानतो. याचे उदाहरण म्हणून मी तुकोबांचे नाव घेतो, कारण भाषा, गायन आणि चित्रपट या तिन्ही वाटा त्यांच्यापाशी एकत्र येतात.

‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ हा अभंग आपण शाळेत पाठ केलेला असतो. त्याच्या शेवटच्या कडव्यात ‘शब्दचि हा देव’ असे येते, पण त्याआधीच ‘शब्दें वाटूं धन जनलोकां’ असे म्हटलेले आहे. म्हणजे शब्दाला देवपण दिले आहे ते तो लोकांना वाटून टाकण्याच्या बोलीवर. हे वाटप कसे झाले, हे संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांतून कळते. वेरूळजवळच्या देवगावच्या ब्राह्मण घरातील ही मुलगी लहानपणीच लग्न होऊन पतीबरोबर गावोगाव फिरत कोल्हापूरला पोहोचली. तिथे जयराम स्वामींच्या कीर्तनात तिच्या कानांवर तुकोबांचे अभंग पडले. तिने तुकोबांना पाहिले नव्हते आणि त्यांच्यात जातीची मोठी भिंत होती. तरीही केवळ ऐकलेल्या शब्दांवरून तिने त्यांना गुरू मानले. त्यांनी स्वप्नात येऊन उपदेश दिला, असे ती स्वतः सांगते. एका ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू करावे हे पतीला सहन झाले नाही आणि त्याबद्दल तिने मारही खाल्ला. पुढे हेच कुटुंब देहूला गेले. स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला महत्त्वाचे वाटते ते त्याआधीचे, म्हणजे एका माणसाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून तिसऱ्यापर्यंत पोहोचले आणि तिच्या आयुष्याची दिशा बदलली. या सगळ्याला मधला कीर्तनकार लागला, याकडेही लक्ष द्यावे.

आता चित्रपटाकडे वळतो. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, म्हणजे एक हिंदू आणि एक मुसलमान; दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले, जे त्यापूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. संगीत केशवराव भोळे यांचे. १९३७ साली हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि मराठीचा गंधही नसलेल्या मंडळींनी तिथे त्याची विशेष दखल घेतली. ही माहिती बहुतेकांना असते, म्हणून तिच्यावर अधिक थांबत नाही.

थांबायचे ते दोन जागी. पहिली जागा अगदी सुरुवातीची आहे. तुकोबा डोळे मिटून, एकही हरकत-मुरकी न घेता, बोलावे तितक्या सहजपणे अभंग गातात. लगेच तोच अभंग आपल्याला सालोमालोच्या तोंडून ऐकू येतो. तुकोबांची रचना आपल्या नावावर खपवणारा हा बुवा संगीत नाटकातल्या नटासारखा ताना घेत, मान वेळावत, श्रोत्यांकडे पाहत गातो. शब्द तेच असतात. फरक एवढाच की, एकाचे लक्ष विठ्ठलाकडे आहे आणि दुसऱ्याचे स्वतःकडे. कोणी काही समजावून सांगत नाही, तरी हा फरक गाणे न कळणाऱ्यालाही कळतो. कलेतील खरेखोटेपणावर मी बरेच वाचले आहे, पण इतक्या थोडक्यात ते कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

दुसरी जागा म्हणजे तुकोबांची पत्नी आवली. चित्रपटात तिला जिजाई म्हणतात. ही भूमिका करणारी गौरी ही प्रशिक्षित नटी नव्हे. प्रभातमध्ये किरकोळ कामे करता करता ती छोट्या भूमिकांत आली आणि तिथून इथवर पोहोचली. म्हशीची उस्तवार, चूल, पोरे, घरात दाण्याची वानवा आणि नवरा मात्र नामस्मरणात दंग, असा तिचा संसार आहे. मूल आजारी पडल्यावर ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबालाच जाब विचारते. भक्तिपटात एरवी अशा बाईला एक तर खलनायिका करतात, नाही तर शेवटी तिचे मनपरिवर्तन घडवून हात जोडायला लावतात. दामले आणि फत्तेलाल यांनी या दोन्ही गोष्टी टाळल्या. तिचे भांडण अखेरपर्यंत तिचेच राहते, तिचा राग खोटा ठरत नाही, आणि तुकोबांचे तिच्यावरचे प्रेमही कमी होत नाही. पती वैकुंठाला निघतो तेव्हाही ती आपल्या संसारातच राहते. या चित्रपटातले चमत्कार मला त्याचा सर्वांत दुबळा भाग वाटतात, आणि विमानाच्या दृश्याकडे मी त्या काळच्या कारागिरीचे कौतुक म्हणूनच पाहतो. परंतु आवली पडद्यावर आली की अध्यात्म म्हणजे नेमके काय, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

आमच्या गृहसंकुलाच्या सभागृहात आम्ही हा चित्रपट दाखवला होता. वहाणेच्या प्रसंगाला पुरुष हसले, बायका मात्र हसल्या नाहीत. चहाच्या वेळी शेजारच्या काकू म्हणाल्या, “तिचं काय चुकलं, सांगा ना? पोरांच्या पोटाला कोण घालणार होतं?” त्यावर त्यांचे यजमान, जे नेमाने वारीला जातात, बराच वेळ काही बोलले नाहीत; मग म्हणाले, “मी वारीला गेलो की ही इकडे काय करते, ते कधी विचारलंच नाही.” त्या दोघांचे पुढे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पण एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांना एकमेकांशी जे बोलता येत नव्हते, ते एका जुन्या, खरखरीत आवाजाच्या चित्रपटामुळे बोलता आले. तुम्ही विचारता ते माणसांशी जोडले जाणे ते हेच, असे मी म्हणेन. आणि ते सुख मुळीच नव्हते, चांगलेच अवघडलेपण होते.

आवलीची बाजू कुठे ऐकायला मिळेल, असे कोणी विचारले तर मी जात्यावरच्या ओव्यांकडे बोट दाखवतो. पहाटे दळताना बायकांनी रचलेल्या आणि एकीकडून दुसरीकडे गेलेल्या या ओव्या गिरण्या आल्यावर नाहीशा होण्याच्या बेतात होत्या. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक होऊन भारतीय नागरिक झालेले गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आवाजासह ऐकता येतात. त्यांत विठ्ठल हा भाऊ असतो आणि पंढरपूर हे माहेर. त्याच जात्यावर बाबासाहेबांच्याही ओव्या गायल्या गेल्या आहेत. ज्या बाईला देवळात पुढे उभे राहायला मिळत नव्हते, तिने देवाशी सासर-माहेरच्या भाषेत बोलणे सुरू केले. एक हात खुंट्यावर, दुसरा जात्यात धान्य घालायला, समोर बसलेली जाऊ दुसरी ओळ उचलणारी, अशा अवस्थेत ही कविता होत होती. एकांतातच अध्यात्म साधते, असे मानणाऱ्यांनी या ओव्या अवश्य ऐकाव्यात.

आता तुमच्या पुरते सांगायचे तर, जे आवडते ते एकट्याने मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहू नका. घरात किंवा शेजारी ज्यांच्याशी तुमचे मत जुळत नाही अशा एखाद्याला बरोबर घ्या, चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका, आणि आधी त्यांना बोलू द्या. देव मानण्याची किंवा न मानण्याची घाई करण्याचे कारण नाही. वारीत चालणाऱ्यांतही दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. गाथा वाचायची असेल तर मोठ्याने वाचा, कारण अभंग हे कानासाठी रचलेले आहेत आणि डोळ्यांनी वाचताना त्यांतला बोलण्याचा सूर निसटतो. अर्थ अडला तर टीकेच्या पुस्तकाआधी एखाद्या माळकऱ्याला विचारा. उत्तर लांबलचक असेल, मध्येच तो तीन वेगळेच अभंग म्हणून दाखवील, आणि निघताना जेवून जाण्याचा आग्रहही करील.