हृदयविकारानंतर मनात बसलेली भीती अध्यात्माने खरोखर कमी होते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, अँजिओप्लास्टी होऊन काही महिने झाले, तपासण्या समाधानकारक आहेत, तरीही छातीत जरासे काही जाणवले की पुन्हा झटका येणार असे वाटते. अशा वेळी प्रार्थना आणि नामस्मरण यांचा खरोखर उपयोग होतो, की ती नुसती मनाची समजूत असते? हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. उपयोग होतो, हे मी पाहिले आहे; मात्र श्रद्धा किती गाढ आहे यापेक्षा ती कोणत्या कामाला लावली जाते, यावर तो अधिक अवलंबून असतो.

ही भीती समजूत घालून जात नाही, कारण आजार खराच असतो. भीतीमुळे अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक वाढते, ठोके जलद आणि जोरात पडू लागतात, छातीचे स्नायू आखडतात आणि सारे लक्ष आत वळलेले असल्याने एरवी कळलाही नसता असा एखादा चुकलेला ठोका ठळकपणे जाणवतो. मग तीच जाणीव धोक्याचा पुरावा ठरते. एक गृहस्थ माझ्याशी बोलताना टेबलाखाली डाव्या मनगटावर दोन बोटे ठेवून बसत आणि मधूनमधून घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत. नाडी बहात्तर भरली की चेहरा सैल पडे, पण दोन वाक्ये होत नाहीत तोच बोटे पुन्हा मनगटावर जात. आरोग्याची चिंता टिकून राहते ती अशा तपासण्यामुळेच, कारण मिळालेला दिलासा लगेच शिळा होतो.

प्रार्थनासुद्धा या तपासण्याचाच एक प्रकार होऊ शकते, आणि ही गोष्ट श्रद्धाळू माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. 'आज जप अपुरा राहिला, म्हणजे काहीतरी वाईट होणार' असे वाटू लागले, तर जपाने भीती शमत नाही, तिला रोजचे खाद्य मिळते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटातील श्रद्धेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत: एकात माणूस देवाला सोबती मानून आपल्या वाट्याचे काम करीत राहतो, तर दुसऱ्यात हा आजार म्हणजे शिक्षा आहे किंवा देवाने आपल्याला सोडले आहे, असे त्याला वाटते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला 'आणखी प्रार्थना करा' असा सल्ला देणे मला निर्दयपणाचे वाटते. त्याला आधी तो राग आणि ती खंत कोणाजवळ तरी बोलता आली पाहिजे.

पहिल्या प्रकारात श्रद्धा आशेच्या वाटेने भीतीपर्यंत पोहोचते, असे माझे मत आहे. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार आशेचे दोन घटक असतात: ध्येयाकडे जाणारे मार्ग दिसणे आणि त्या मार्गांनी जाण्याचे बळ आपल्यात आहे असे वाटणे. अध्यात्म बहुधा बळ पुरवते. मार्ग मात्र औषधे, देखरेखीखालील व्यायाम, तंबाखू सोडणे यांतूनच मिळतात. जिना चढताना धाप लागली तरी थोडे थांबून पुढची पायरी चढणाऱ्या रुग्णात हे दोन्ही घटक एकत्र दिसतात.

शरीरावरही काही परिणाम होतो. इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वसन मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाले आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर झाली, असे आढळले. तो अभ्यास निरोगी माणसांवरचा आणि लहान होता, त्यामुळे जपाने हृदयविकार बरा होतो असा अर्थ त्यातून काढू नये.

म्हणून नामस्मरण अवश्य करा, पण छाती दुखू लागली की नव्हे, तर रोज ठरलेल्या वेळी. कोणत्या लक्षणांवर काय करायचे, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, म्हणजे तो निर्णय भीतीच्या भरात घ्यावा लागणार नाही. छातीवर दाब येऊन तो काही मिनिटांत ओसरला नाही, घाम फुटला, धाप लागली किंवा कळ हात-जबड्याकडे गेली, तर प्रार्थनेसाठी न थांबता रुग्णवाहिका बोलवा. आणि भीतीमुळे झोप किंवा घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर वर्तनोपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे नाव डॉक्टरांकडे मागा.