मावशींना थेट कामावर ठेवलं तर एक लाख भरायचे का?

प्रश्न : मी विश्रामबाग, सांगली इथे राहते. 78 वर्षांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून एजन्सीच्या मावशी तिला सांभाळत होत्या. एजन्सीला महिना 24 हजार, शिवाय तेवढंच डिपॉझिट. त्यातले 13 हजारच मावशींच्या हातात पडायचे आणि दोन महिन्यांचा पगारही थकला होता, हे त्यांनी एजन्सी सोडल्यावर कळलं. बदली बाई नऊ दिवस आलीच नाही. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. मावशींना थेट ठेवलं तर 1 लाख भरा, नाहीतर पोलिसांत जाऊ, असं एजन्सी म्हणते. डिपॉझिटही देत नाही. काय करू?

उत्तर : ताई, पोलिसांची भीती आधी मनातून काढा. मावशींनी कुणाकडे काम करायचं हा गुन्ह्याचा विषय नाही. करार मोडला असं एजन्सीला वाटत असेल तर दिवाणी न्यायालय आहे.

आता ते लाखाचं कलम. 'सेवा संपल्यावर एक वर्ष आमचा कर्मचारी परस्पर ठेवू नये', याखाली तुमची सही आहे. ती नाकारू नका. पण सही आहे म्हणून लाख आपोआप वसूल होत नाहीत. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारातला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत, वाजवी तेवढीच भरपाई न्यायालय देतं. नुकसानच नसेल तर भरपाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात सांगितलं आहे. माणूस शोधून देण्याचं मोल असतं, ते मी मानतो. पण ज्यांनी स्वतःच पगार थकवून बाई घालवली, त्यांना तुमच्याकडे बोट दाखवणं जड जाईल. खुद्द मावशींवर काम सोडल्यानंतरही बंदी घालणारी अट असेल, तर ती याच कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही.

तरी घाई करू नका. आधी सेवा बंद करत असल्याचं पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. कारण लिहा, डिपॉझिट मागा. मावशींना त्यानंतरच ठेवा.

तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो मी बराच वेळ पाहत होतो. 'रात्री 9. गोळी दिली. कूस बदलली.' हे मावशींचं अक्षर, आणि पुढची नऊ पानं कोरी. ही वही जपून ठेवा. पैसे घेऊन माणूस न पाठवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतली त्रुटी आहे आणि हाच तुमचा पुरावा. एजन्सीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही सांगलीत राहता म्हणून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकता. एजन्सीला दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर डिपॉझिट परत येतं.

मावशींच्या थकलेल्या पगारासाठी त्यांना सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात घेऊन जा. एकट्या त्या जाणार नाहीत. तुमच्या आईला त्यांनी उचलून बसवलंय, एवढी सोबत आपण द्यायलाच हवी.

आणि त्यांना ठेवाल तेव्हा साधा कागद करा : पगार किती, आठवड्याची सुट्टी कोणती, रात्री झोप किती. पगार बँकेतून द्या.