नैरोबीत परदेशी पत्रकार म्हणून काम करायचंय, सुरुवात कशी करू?

आधी कागदपत्रं. केनियाच्या मीडिया कौन्सिलचं ओळखपत्र काढा, कामाचा परवाना घ्या. पर्यटक म्हणून जाऊन बातमीदारी करू नका, अडचणीत याल.

मग चांगला स्थानिक सहकारी शोधा. बाहेरचे पत्रकार त्याला ‘फिक्सर’ म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. कुठल्या वस्तीत कुणाला आधी भेटायचं, कोण खरं बोलतंय, हे त्यालाच कळतं. त्याचे पैसे वेळेवर द्या (एम-पेसाने मोबाइलवरून क्षणात जातात) आणि बातमीवर त्याचं नावही छापून आणा. तिथल्या पत्रकारांनी या कामाची मोठी किंमत मोजली आहे: १२ जुलै १९९३ रोजी सोमालियाची राजधानी मोगादिशूत जमावाने चार पत्रकारांना ठार मारलं. त्यातले होस मैना आणि अँथनी माचारिया केनियाचे होते. १९८४ मध्ये इथिओपियातला दुष्काळ जगाने पाहिला, तो टिपणारे कॅमेरामन मोहम्मद अमीनही जन्माने नैरोबीचे, पंजाबी मुळाच्या घरातले. हा वारसा माहीत नसताना तिथे ‘परदेशी पत्रकार’ म्हणून मिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

नैरोबीच्या गिगिरी भागात संयुक्त राष्ट्रांचं मोठं कार्यालय आहे, तिथे पत्रकार परिषदा होतात. पण शहर कळतं ते मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये. कर्णकर्कश गाणी, दारात लटकलेला कंडक्टर, शेजारच्या प्रवाशाशी राजकारणावर गप्पा. थोडी स्वाहिली शिकाच. आपल्याला ती फार परकी वाटत नाही: ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, आणि चहा-चपातीला तिथेही ‘चाय’ आणि ‘चपाती’च म्हणतात.