डबल बेसवर कॉर्ड नुसती घरघर का करते?

प्रश्न: मी आधी गिटार वाजवायचो, आता डबल बेस (उभं धरून वाजवायचं व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) शिकतोय. गिटारच्या सवयीने जवळजवळचे सूर धरून कॉर्ड वाजवली की नुसती घरघर होते, मेजर आहे की मायनर तेही कळत नाही. या वाद्यावर कॉर्ड वाजतच नाही, की माझा हात चुकतोय?

उत्तर: वाजते हो, आणि फार सुंदर वाजते! हात बहुतेक बरोबरच असेल, सूर तेवढे एकमेकांच्या फार जवळ घेताय. ई तारेवरचा खालचा एफ आणि मोकळी, म्हणजे बोट न दाबलेली, ए तार एकत्र छेडून बघा. एफ साधारण ४४ हर्ट्झचा, ए ५५ चा, मधे जेमतेम ११ चा फरक, आणि इतक्या खाली इतके जवळचे सूर कानाला वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून ती घरघर. आता एफ तसाच ठेवा आणि ए एक सप्तक वर, जी तारेवर घ्या, ११० हर्ट्झचा. लगेच मेजर ऐकू येतं! या अंतराला टेन्थ म्हणतात आणि बेसवरच्या कॉर्डचा सगळा जीव माझ्या मते त्यातच आहे. रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, खाली, त्यापासून मोजलेला तिसरा आणि सातवा सूर, म्हणजे थर्ड आणि सेव्हन्थ, वर, आणि पाचवा, म्हणजे फिफ्थ, बिनधास्त गाळा, त्याच्यावाचून काही अडत नाही.

सुरुवात मात्र अगदी खाली नको, तिथे एकेक सेमीटोन (शेजारच्या दोन सुरांमधलं सगळ्यात लहान अंतर) जवळपास सहा सेंटीमीटरचा पडतो आणि हात दुखून येतो. थोडं वर जा. मोकळी ई तार, डी तारेवर पहिलं बोट जी शार्पवर, जी तारेवर दुसरं बोट डी सुरावर, झाली ई सेव्हन. आता बोटांचा आकार अजिबात न मोडता हात एक सेमीटोन मागे, खुंट्यांच्या दिशेला, घ्या आणि खाली ई ऐवजी मोकळी ए तार छेडा, ही ए सेव्हन. अजून एक सेमीटोन मागे, खाली ए तशीच, की डी सेव्हन, तिचा रूट वाजत नाही तरी कान तो बरोबर धरतो. एकाच आकारात तीन कॉर्ड, आणि एकीतून दुसरीत जाताना दोन्ही सूर मिळून खाली सरकतात ते इतकं गोड लागतं की मी शिकणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच करायला सांगते. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारेवर, पहिलं बोट डी वर, मधलं जी वर, आणि अंगठा किंचित आधी सुटू दे म्हणजे खालचा सूर उमटायला वेळ मिळतो. डाव्या अंगठ्याने वाद्याची मान आवळू नका, हाताचं वजन तारेवर टाका.

सुराचं म्हणाल तर इथे फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) नाहीत हा फायदाच आहे. पियानो सोबत नसेल तेव्हा नुसता ए आणि वरचा सी शार्प वाजवा आणि सी शार्प हळूहळू खाली आणत शांत होईपर्यंत ऐका, शुद्ध मेजर थर्ड पियानोवरच्यापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली असतो.

आणि हे काही नवं खूळ नाही बरं का. १८व्या शतकात व्हिएन्नात पाच तारांचा बेस एफ, ए, डी, एफ शार्प, ए असा लावायचे, म्हणजे वरच्या चार मोकळ्या तारांतच डी मेजर तयार. जॅझमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या क्वार्टेटमधले (चौघांच्या चमूतले) बेसवादक जिमी गॅरिसन सोलोत तारा चक्क गिटारसारख्या स्ट्रम करायचे, नक्की ऐका.

प्रश्न: बो ने (गजाने) तीन सूर एकदम येतील का?

उत्तर: एकदम नाही. ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, गोल असतो, त्यामुळे बो शेजारच्या दोनच तारांवर नीट बसतो. वरची ए सेव्हन घ्यायची तर आधी ए आणि डी तार, मग बो न उचलता डी आणि जी, मधली तार दोन्हीकडे चालू राहते म्हणून कानाला ती एकच कॉर्ड वाटते. खालच्या जोडीवर जरा जास्त रेंगाळा, जाड तार बोलायला वेळ घेते. ई सेव्हनच्या ई आणि डी तारांच्या मधे मात्र ए तार येते आणि बो तिला लागणारच, तेव्हा ती बोटांनीच वाजवा.